दप्तराची किल्ली

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मध्यें इंदापूर तालुक्याचा मुलूख पसरलेला आहे. नरसिंहपुरापाशीं या नद्या एकमेकींस मिळतात. परंतु दोन्ही बाजूंस पाणी वाहत असूनहि मधल्या माळावर पावसाची कृपा बेताचीच. बारामती-इंदापूरच्या या टापूंतलें शेळगांव हें असेंच एक गांव. कालव्याचें पाणी येण्यापूर्वीं या भागांतील शेतकऱ्याचें जीवित दोन गोष्टींवर अवलंबून असे: एक आकाशांतला ढग आणि दुसरी दप्तरांतली नोंद. ढग चुकला तर एक साल जाई. नोंद हरवली तर पिढ्यांची जमीन हातची जाण्याचें भय असे.

नोंद दोन प्रकारांनीं हरवते. कागद वाळवीनें खाल्ला, पुरांत भिजला किंवा आगींत जळला, तर नोंद गेली असें कोणीहि म्हणेल. परंतु कागद शाबूत आहे, त्यावरील शाईहि पुसट झालेली नाहीं, आणि तरीहि तो वाचणारा मनुष्य भेटत नाहीं, अशी स्थिति आली म्हणजेहि नोंद हरवलेलीच असते. पहिल्या प्रकारांत पात्र फुटतें; दुसऱ्या प्रकारांत किल्ली हरवते. हीं दोन संकटें एकमेकांपासून अगदीं भिन्न आहेत, आणि त्यांवरील उपायहि भिन्न आहेत.

हा भेद आज शहरांतील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें समजून घेण्यासारखा झाला आहे. घराचीं खतें, विम्याचे कागद, मुलाबाळांचीं छायाचित्रें, वडिलांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण हें सर्व आतां रुमालांत बांधलेलें नसून संगणकाच्या हार्ड डिस्कवर असतें. आणि चोराच्या हातीं लागूं नये म्हणून तें आंकड्यांच्या कुलुपांत घातलेलें असतें. या कुलुपालाच एन्क्रिप्शन म्हणतात. एके दिवशीं तें यंत्र बंद पडतें. मग त्यांतलें काय परत मिळतें आणि काय मिळत नाहीं, हें ठरविणारा नियम नवा नाहीं. तो इंदापूर परगण्याच्या जुन्या दप्तरांतहि दिसून येतो. म्हणून आरंभ तेथूनच करणें सोयीचें आहे.

पेशवाईच्या काळीं दख्खनच्या गांवोगांव लिखापढीचें काम कुलकर्णी करी. जमीन कोणाची, वहिवाट कोणाची, सारा किती, सूट किती, ही सर्व हकीकत त्याच्या हातची. हें दप्तर चावडींत क्वचितच असे. तें कुलकर्ण्याच्या घरींच, कापडी रुमालांत बांधून, माळ्यावर किंवा कोनाड्यांत ठेवलेलें असे. घराला आग लागली, किंवा दुष्काळांत घर परागंदा झालें, तर गांवाची स्मृतीच नाहींशी होण्याचा प्रसंग. हें भय जुन्या लोकांस ठाऊक होतें. म्हणून गांवचा हिशेब कुलकर्ण्याजवळ, तर परगण्याचा हिशेब देशपांड्याजवळ, अशी दुहेरी व्यवस्था असे. एका ठिकाणचा कागद गेला तर दुसऱ्या ठिकाणच्या कागदावरून बरेंचसें उभें करतां येई. आणि दोहोंत विसंगति दिसली तर लबाडीहि उघडकीस येई. एकाच वस्तूची दुसरी प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी, ही युक्ति संगणकवाल्यांनीं शोधून काढलेली नाहीं.

वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे याहून पक्का उपाय योजीत. गोत जमे, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी. सुतार, कुंभार, चांभार आदि बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी उठवीत. ज्यांस अक्षर येत नव्हतें त्यांसहि सत्याचा एकेक अंश अशा रीतीनें सांभाळावयास दिलेला असे. एकट्यादुकट्याच्या मरणानें किंवा लबाडीनें तो निवाडा बुडत नसे, कारण त्याची आठवण एका डोक्यांत नसून अनेक डोक्यांत असे.

पात्राची काळजी अशी घेतली जात होती. परंतु किल्लीची काळजी घ्यावी असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. कारण ती किल्ली त्या काळीं सर्वत्र होती. ती किल्ली म्हणजे मोडी लिपी. पानावर आधीं आडव्या रेघा ओढून घ्यावयाच्या आणि मग बोरू शक्य तों न उचलतां अक्षरामागून अक्षर लिहीत जावयाचें, अशी ती लपेटीची लिपी. तींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत, शब्दाशब्दांत जागा सोडीत नाहींत, आणि वाक्य कोठें संपलें हें वाचणाऱ्यानेंच ओळखावयाचें असतें. शिवाय राजश्रीचें ‘रा॥’ आणि मौजेचें ‘मौ॥’ असे संक्षेप पदोपदीं येतात. मोडी ही कांहीं गुप्त लिपी नव्हे. ती घाईच्या कारकुनाची सोय होती. परंतु ज्या दिवशीं शिकविणारे संपले, त्या दिवशीं सोयीचेंच कुलूप झालें.

त्या कुलुपाच्या आंत आणखी एक लहान कुलूप आहे, तें तारखेचें. मराठी कागदांत बहुधा शुहूर सन घालीत. हा सन मृगनक्षत्रीं सूर्य आला म्हणजे, जूनच्या आरंभीं, बदलतो. म्हणून त्यास मृगसाल असेंहि म्हणत. त्याचे आंकडे अंकांनीं न लिहितां अरबी शब्दांनीं लिहीत, आणि तेहि एकं स्थानापासून उलटे. उदाहरणार्थ, ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११६१ झाली. यांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो: मृगापासून डिसेंबरअखेर १७६०, आणि पुढें १७६१. ज्याला ही रीत ठाऊक आहे त्याला हा पानिपतच्या मोहिमेचा कागद आहे हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. ज्याला ठाऊक नाहीं त्याला समोर चार निरर्थक शब्द दिसतात. कागद दोघांच्याहि हातीं तोच असतो.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली आणि कंपनी सरकारास साऱ्याची नवी घडी बसवावयाची होती. या नव्या घडीचा प्रयोग इंदापूर तालुक्यांत झाला, ही गोष्ट महाराष्ट्राच्या जमीनमहसुलाच्या इतिहासांत मोठ्या महत्त्वाची आहे. प्रथम प्रिंगल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें १८३० च्या सुमारास आपली पाहणी लागू केली. शेताचें उत्पन्न काढावें, त्यांतून लागवडीचा खर्च वजा करावा, आणि निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारानें घ्यावे, असें तिचें गणित होतें. गणित कागदावर सुरेख होतें. परंतु त्यासाठीं लागणारी माहिती हजारों शेतांवरून आणणारे हाताखालचे लोक कांहीं अडाणी तर कांहीं लांचखाऊ निघाले. आकार बेसुमार चढले, अनेक शेतकरी जमिनी टाकून परमुलुखांत गेले, आणि शिवारें ओसाड पडलीं. नोंद होती, पण ती खोटी होती. आणि ती तपासून पाहण्याचा मार्ग शेतकऱ्याजवळ नव्हता.

ही चूक निस्तरण्यासाठीं १८३५ सालीं गोल्डस्मिड या अधिकाऱ्यास इंदापुरास पाठविण्यांत आलें. त्याच्या जोडीस विंगेट आणि नॅश हे लष्करी अधिकारी होते. त्यांनीं प्रिंगलचें सर्वच काम फेंकून दिलें नाहीं. जुनी मोजणी तपासून जेथें ती चालण्यासारखी होती तेथें उपयोगांत आणली. मात्र साऱ्याचे दर नव्यानें बसविले, आणि ते ३० वर्षें बदलणार नाहींत अशी हमी दिली. मोडलेल्या कामांतून चांगलें तेवढें वेंचून घेण्याचा हा प्रकार होता. याच इंदापुरी प्रयोगांतून पुढें मुंबई इलाख्याची रयतवारी पाहणी वाढली, आणि तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालांत एकत्र झाले.

त्या नियमांत एक गोष्ट फार लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जमिनीचा कस लिहून ठेवण्यासाठीं त्या अधिकाऱ्यांनीं खुणांची एक भाषाच तयार केली. शेताचे कागदावर चौकोन पाडावे. प्रत्येक चौकोनांत मातीची जात आणि खोली आंकड्यांनीं लिहावी. आणि माती वाळूमिश्रित आहे, उतरती आहे, चुनखडीची आहे, असे जे दोष असतील ते बारीक चिन्हांनीं दाखवावे. प्रत्येक दोषास एक प्रत उतरावयाची. उत्तम जमीन म्हणजे पावणेदोन हात खोल, तिची किंमत सोळा आणे. तेथून उतरत उतरत नववी प्रत दोन आण्यांवर येई. जमिनीची मोजणी ३३ फुटी साखळीनें होई. या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. पाहणीनें निर्माण केलेल्या टिपण, गुणाकार बुक, प्रतिबुक, आकारबंद या कागदांचीं नांवें आजहि भूमि-अभिलेखाच्या कचेरींत ऐकूं येतात.

आतां असें समजा कीं, शेळगांवसारख्या एखाद्या गांवचें जुनें प्रतिबुक हातीं आलें, परंतु खुणांचा तक्ता हातीं नाहीं. ठिपके आणि रेघा यांखेरीज त्यांत कांहींच दिसणार नाहीं. परंतु तक्ता छापून प्रसिद्ध झालेला होता. पाहणीच्या प्रत्येक कचेरींत तो होता. म्हणून कारकून मेले, अधिकारी विलायतेस गेले, राज्यहि गेलें, तरी तीं चिन्हें बोलकीं राहिलीं. नोंद सांभाळणें आणि नोंदीची किल्ली सांभाळणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, आणि इंदापूरच्या पाहणीनें दुसरें कामहि केलें हें तिच्या टिकाऊपणाचें एक कारण आहे.

येथपर्यंत ज्या कुलुपांचा विचार झाला तीं कोणी मुद्दाम घातलेलीं नव्हतीं. मुद्दाम घातलेल्या कुलुपाचें मराठी इतिहासांतलें सर्वांत हृदयद्रावक उदाहरण पानिपतचेंच आहे. १७६१ च्या जानेवारींत नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले असतां भेलशाच्या बाजूस त्यांच्या लोकांस एका सावकाराचा जासूद सांपडला. त्याजवळच्या पत्रांत लढाईचें नांव नव्हतें. दोन मोत्यें विरघळलीं, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व तांब्याचीं नाणीं किती गेलीं याचा अदमास नाहीं, अशा अर्थाचा तो व्यापारी मजकूर होता. परक्याला तो तोट्याचा हिशेब वाटला असता. पेशव्यांस तो वाचण्यास किल्ली शोधावी लागली नाहीं. दोन मोत्यें म्हणजे चिरंजीव विश्वासराव आणि बंधु सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे असंख्य शिपाई. त्या पत्राची किल्ली कोणत्याहि कागदावर लिहिलेली नव्हती. ती वाचणाऱ्याच्या काळजांत होती. पेशवे त्या आघातांतून उठले नाहींत; त्याच वर्षीं जूनमध्यें त्यांचा अंत झाला.

पानिपतच्या या काळाचे अस्सल कागद पुढें लोकांसमोर आले ते एका माणसाच्या हट्टामुळें. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं वाई येथें मिळालेल्या पत्रांवरून १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढें या मालेचे बावीस खंड झाले. राजवाडे गांवोगांव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, आणि घरधन्यांची मनधरणी करून रुमाल सोडविले. वाळवी, उंदीर, गळकें छप्पर आणि मालकाचा संशय हे त्या कागदांचे चार वैरी. संशयालाहि कारण होतें: १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशन आलें होतें, आणि कागद दाखवितां न आल्यामुळें किंवा दाखविलेला न पटल्यामुळें अनेकांचीं इनामें गेलीं होतीं. कागदाच्या तुकड्यावर घराचें अन्न अवलंबून असतें हें लोकांस कोणी शिकवावयास नको होतें. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पांच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग सिद्ध केले.

राजवाडे व सरदेसाई यांच्या हातीं जे कागद आले ते पुष्कळदां अर्धवट होते. कोठें कोपरा फाटलेला, कोठें मधल्या दोन ओळी वाळवीनें नेलेल्या. तरीहि त्यांतून अर्थ निघे. कारण किल्ली त्यांच्याजवळ होती. मायना ठराविक असे, मामुली शब्द ठराविक असत, हस्ताक्षर ओळखीचें असे. गेलेला शब्द राहिलेल्या शब्दांवरून जुळवितां येई. फुटलेलें पात्र आणि हातांत असलेली किल्ली, असा तो प्रसंग होता. याच्या उलट प्रसंग महाराष्ट्रानें २०२३ सालीं पाहिला. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली आणि गांवोगांवचीं जुनीं दप्तरें उघडलीं. कित्येक नोंदी जशाच्या तशा होत्या. परंतु त्या मोडींत होत्या, आणि मोडी वाचणारे थोडे. ज्या नोंदीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून, ती नोंद त्याच्याच पणजोबाच्या गांवीं, त्याच्याच भाषेंत, त्याच्याच डोळ्यांपुढें. आणि वाचून दाखवावयास माणूस नाहीं. पात्र शाबूत होतें. किल्ली दुर्मिळ झाली होती. सुदैवानें मोडीची किल्ली पुन्हां घडवितां येते: कांहीं महिने अभ्यास केला कीं डोळा बसतो, आणि बंद झालेलें दप्तर बोलूं लागतें.

आतांच्या हार्ड डिस्कच्या कुलुपांत नेमकी हीच दया नाहीं. १८८३ सालीं ऑगस्त केर्कहॉफ्स या डच वंशाच्या भाषापंडितानें असा नियम सांगितला कीं, गुप्तलेखनाची सर्व रीत शत्रूला ठाऊक झाली तरी चालेल. गुप्त राहिली पाहिजे ती केवळ किल्ली. आजचें सर्व एन्क्रिप्शन या नियमावर उभें आहे. अमेरिकन सरकारानें १९७७ सालीं स्वीकारलेल्या डीईएस या पद्धतींत ५६ बिटांची किल्ली असे. म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या सतरा अंकी. १९९८ सालीं इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाऊंडेशन या संस्थेनें मुद्दाम बांधलेल्या यंत्रानें एकामागून एक किल्ल्या लावून पाहत तें कुलूप तीन दिवसांच्या आंत उघडलें. तेव्हां २००१ सालीं डेमन आणि राइमन या दोघां बेल्जियन पंडितांनीं रचलेली एईएस ही पद्धति प्रमाण ठरली. तिच्या २५६ बिटांच्या प्रकारांत शक्य किल्ल्यांची संख्या ७८ अंकी होते. पृथ्वीवरील सर्व यंत्रें जुंपलीं तरी एकेक किल्ली लावून हें कुलूप उघडण्याची आशा नाहीं. येथें मायना नाहीं, ओळखीचें वळण नाहीं, मागच्यापुढच्यावरून तर्क नाहीं. कुलुपबंद मजकूर आणि निव्वळ गोंधळ यांत बाहेरून कांहींच फरक दिसत नाहीं.

अशी डिस्क बिघडली म्हणजे काय होतें हें पाहण्यास तिची रचना थोडक्यांत समजली पाहिजे. डिस्कवरील सर्व मजकूर एका मूळ किल्लीनें बंद केलेला असतो. ही मूळ किल्ली यंत्रच यदृच्छेनें निर्माण करतें; ती मनुष्यास पाठ नसते आणि पाठ होण्यासारखीहि नसते. मालकाचा पासवर्ड ही केवळ त्या मूळ किल्लीच्या पेटीची किल्ली होय. कांहीं यंत्रांत ही पेटी डिस्कच्याच आरंभींच्या थोड्याशा जागेंत असते. कांहींत ती यंत्राच्या पट्टीवर बसविलेल्या एका चिपमध्यें असते.

यावरून बिघाडाचे प्रकार पडतात. समजा, डिस्क फिरविणारी मोटर किंवा मजकूर वाचणारें टोंक निकामी झालें. हें पात्राचें फुटणें. जाणकार कारागीर धूळविरहित खोलींत त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचे भाग बसवून ती तात्पुरती चालती करतो आणि आंतील सर्व मजकूर, कुलुपबंद आहे तसाच, कणाकणानें दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवून घेतो. मग त्या प्रतीला किल्ली लावतात. मजकूर लहान लहान तुकड्यांनीं बंद केलेला असल्यामुळें मधले कांहीं तुकडे वाचतां आले नाहींत तरी बाकीचे उघडतात. वाळवीनें दोन ओळी नेल्या म्हणून सबंध पत्र जात नाहीं, तसेंच हें. आजारी डिस्क पुन्हां पुन्हां चालवून पाहणें मात्र घातक. दुखावलेलें टोंक तबकडीला ओरखडे काढतें आणि परत मिळण्यासारखा मजकूरहि नष्ट करतें.

दुसरा प्रकार असा कीं, तबकडी ठणठणीत आहे, परंतु पेटीची जागाच खराब झाली. येथें नुकसान अगदीं थोड्या जागेचें, परंतु परिणाम सर्वस्वाचा. पासवर्ड बिनचूक पाठ असूनहि त्याचा उपयोग नाहीं. कारण पासवर्डानें जी पेटी उघडावयाची तीच नाहींशी झाली. पेटीची नक्कल आधीं काढून दुसरीकडे ठेवली असेल तर ती परत बसवितां येते. नसेल तर उपाय नाहीं. तिसरा प्रकार चिपचा. बाहेरून जोडावयाच्या कित्येक डिस्कांत कुलूप घालण्याचें काम पट्टीवरची चिप करते, आणि मालकास त्याची दादहि नसते. पट्टी जळाली म्हणून डिस्क काढून दुसऱ्या पेटींत घातली, तर ती फिरते, वाचली जाते, आणि निव्वळ गोंधळ दाखविते. तेथें ती मूळ पट्टी दुरुस्त करणें किंवा तिच्यावरील नेमकी चिप दुसऱ्या पट्टीवर नेणें एवढाच मार्ग राहतो; आणि किल्ली असलेली चिपच जळाली असेल तर तोहि बंद. जुनी पट्टी भंगारांत टाकून देणें म्हणजे कुलूप जपून किल्ली नदींत टाकण्यासारखें आहे.

म्हणून या यंत्रांच्या कर्त्यांनींहि शेवटीं एक जुनाच मार्ग ठेवला आहे. विंडोज प्रणालींत २००७ सालीं आलेल्या बिटलॉकर या कुलुपास ४८ आंकड्यांची एक निराळी किल्ली असते. तिला रिकव्हरी की म्हणतात. संगणकाची पट्टी बदलली, चिप गेली, तरी डिस्क आणि हे ४८ आंकडे जवळ असले तर मजकूर उघडतो. ही किल्ली कागदावर छापून ठेवण्याची सोय त्या प्रणालींतच आहे. ज्या यंत्रानें कागदाची सद्दी संपविली त्याच यंत्राची शेवटची आशा एका कागदाच्या चिठोऱ्यावर यावी, हा काळाचा विनोद खराच. परंतु त्यांत शहाणपणहि आहे. यंत्र मरतें त्या कारणानें कागद मरत नाहीं, आणि कागद मरतो त्या कारणानें यंत्र मरत नाहीं. दोघांचे वैरी निराळे आहेत, म्हणूनच दोघांनीं एकमेकांस सांभाळावें.

ज्यांस एकाच माणसाच्या हातीं सर्व किल्ली देणें धोक्याचें वाटतें, त्यांच्यासाठीं गणितानें आणखी एक तोड काढली आहे. १९७९ सालीं अदी शमीर या इस्रायली गणितज्ञानें एका किल्लीचे पांच वांटे असे करावयास शिकविलें कीं, कोणतेहि तीन एकत्र आले म्हणजे ती सिद्ध व्हावी, आणि दोघांच्या वांट्यांवरून कांहींच कळूं नये. गणित नवें आहे. पण कल्पना महजरावरच्या नांगराच्या आणि हत्यारांच्या निशाण्यांहून फार दूरची नाहीं. जें सर्वांचें आहे तें एकाच्या स्मरणावर सोडूं नये, हें गोतसभेस ठाऊक होतें.

घरोघरीं या गोष्टीचा विचार सहसा होत नाहीं. घराचें दप्तर बहुधा एकच मनुष्य सांभाळतो. पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. यंत्राचा बिघाड आणि त्या माणसाचा आजार किंवा मृत्यु यांची गांठ पडली म्हणजे घरच्यांच्या हातीं एक निरोगी, जड आणि मुकी तबकडी राहते. चोरापासून जपण्यासाठीं घातलेलें कुलूप वारसांवरच पडतें. त्यावर उपाय खर्चाचा नाहीं आणि विद्वत्तेचाहि नाहीं. मजकुराची एक प्रत निराळ्या डिस्कवर, शक्य तर निराळ्या घरीं ठेवावी. ४८ आंकड्यांचा कागद डिस्कच्या पिशवींत न ठेवतां घराच्या खतांबरोबर ठेवावा. आणि तो कोठें आहे व कशाचा आहे हें घरांतील निदान दोघांस सांगून ठेवावें. वर्षांतून एकदां ती किल्ली लावून पाहावी. कारण न लावलेल्या किल्लीवर विश्वास ठेवणें म्हणजे न वाचलेल्या खतावर सही करणें होय.

इंदापूरच्या माळावरचीं शिवारें आज पुष्कळ ठिकाणीं हिरवीं झालीं आहेत. शेळगांवच्या शेतकऱ्यास आपला सातबारा आतां संगणकावर पाहतां येतो. २०१८ पासून त्यावर अधिकाऱ्याची सहीहि आंकड्यांचीच असते. कुलकर्ण्याच्या माळ्यावरचा रुमाल गेला आणि त्या जागीं तबकडी आली. पात्रें अशीं बदलतच राहणार. दगड गेला, ताम्रपट गेला, कागद आला. उद्यां तबकडीहि जाईल. राजवाड्यांना फाटका कागद पुरला, कारण वाचण्याची किल्ली त्यांच्याजवळ होती. पुढच्या पिढीला आजचें दप्तर मिळेल कीं नाहीं हें यंत्राच्या मजबुतीवर थोडें आणि आज किल्ली कोणाच्या हातीं सोंपविली जाते यावर फार अवलंबून आहे.